नवी घंटागाडी आली, लॉगबुक जुनंच



गेल्या सोमवारी आपल्या नगरपरिषदेच्या आवारात विजेवर चालणाऱ्या तीन घंटागाड्या आल्या. हार घातले, नारळ फुटला, फोटो झाले. बातमी मीही दिली. गाड्यांना माझा विरोध नाही, डिझेलचा खर्च आणि धूर दोन्ही कमी झाले तर हवेच आहेत. पण फोटो काढताना मला माझीच बारा वर्षांपूर्वीची एक बातमी आठवली. ती आठवली की अजून मान खाली जाते.

तेव्हा मी दुसऱ्या एका पालिकेची वाहनांची लॉगबुकं माहिती अधिकारात काढली होती. कचरा दाबणाऱ्या कॉम्पॅक्टरचं ॲव्हरेज लिटरला जेमतेम दीड किलोमीटर. तसल्याच साध्या ट्रकचं त्याच्या दुप्पट. मी हिशोब मांडला आणि डिझेलचोरीची चार कॉलमी बातमी लावली. चालक रोजंदारीवरचा. चौकशी वगैरे झालीच नाही, दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवलं.

दोन महिन्यांनी तो मला चहाच्या टपरीवर भेटला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, गाडी उभी असते, पण इंजिन चालूच असतं ना. कचरा इंजिनच्या जोरावरच दाबला जातो. तुम्ही नुसते किलोमीटर मोजले."

गॅरेजमध्ये जाऊन विचारलं, तर त्याचं खरं होतं. कॉम्पॅक्टरच्या हायड्रॉलिक पंपाला ताकद इंजिनातूनच मिळते. अशा गाडीचं डिझेल किलोमीटरवर मोजून भागत नाही, इंजिन किती तास चाललं तेही बघावं लागतं. लॉगबुकात तो रकानाच नव्हता. मी खुलासा छापला. आतल्या पानावर, सहा ओळी. त्याचं काम काही परत मिळालं नाही.

तेव्हापासून सरकारी गाड्यांच्या इंधनाचा इतिहास जमेल तसा वाचत आलो. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. इंधन बदलायचा निर्णय वर होतो आणि हिशोब चुकला की भुर्दंड खालच्या माणसाला बसतो.

इंधन बदलणं आपल्याकडे नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालवल्या गेल्या. गाडीला भट्टी जोडलेली, त्यात अपुऱ्या हवेत लोणारी कोळसा जाळायचा आणि निघालेला गॅस इंजिनला द्यायचा. आमचे आजोबा सांगायचे, क्लीनर पहाटे उठून भट्टी पेटवायचा आणि चढ आला की पाशिंजरं उतरून चालायची. पेट्रोल मिळू लागलं तशा भट्ट्या गेल्या.

आता दिल्लीचं बघा. वकील एम. सी. मेहता १९८५ मध्ये दिल्लीच्या हवेचा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९८ मध्ये भुरेलाल यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं आणि त्याच वर्षी २८ जुलैला न्यायालयाने आदेश दिला. शहरातल्या सगळ्या बस, सरकारी आणि खाजगी, ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणायच्या. पण त्याच आदेशात अजून एक कलम होतं, ते लोक विसरतात. गॅस भरण्याची केंद्रं नऊ होती, ती ३१ मार्च २००० पर्यंत ऐंशी करायची. म्हणजे न्यायालयाने आधी पंपाची मुदत ठेवली होती, मग बसची.

पण सरकारी यंत्रणा, बसमालक, कंपन्या, जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत राहिला. मुदत संपली आणि एप्रिल २००१ मध्ये दिल्लीकर रस्त्यावर उभे राहिले, कारण बसच नव्हत्या. पुढे सीएनजी गाड्या वाढल्या तर गॅस पुरेना. रिक्षावाले रात्र रात्र पंपावर रांगेत. ज्याचं पोट रोजच्या भाड्यावर, त्याचा दिवस रांगेतच संपायचा.

यात आपल्या मराठी माणसाचंही नाव येतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने २००१ मध्ये वाहन इंधन धोरणासाठी समिती नेमली. समितीचं म्हणणं असं की सरकारने धुराची मर्यादा ठरवावी, अमुकच इंधन वापरा असं सांगू नये. तत्त्व म्हणून यात चूक काय? पण प्रदूषणवाल्या बाजूचा मुद्दाही बिनतोड होता. डिझेल कितीही चांगलं बनवा, त्यात रॉकेल मिसळणाऱ्याला कोण धरणार? सीएनजीत तशी भेसळ करणं सोपं नाही.

५ एप्रिल २००२ ला न्यायालयाने समितीचं म्हणणं बाजूला ठेवलं. डिझेल बसला रोज ५०० रुपये दंड, महिनाभराने रोज १,००० रुपये. आणि केंद्राला सांगितलं की गॅस वाटपात वाहतुकीला प्राधान्य द्या. वर्षाखेरीस दिल्लीच्या शहर बसमधून डिझेल गेलं. दंड आणि गॅस, दोन्ही एकाच आदेशात होते, हे लक्षात घ्या. नुसत्या दंडाने बस धावल्या नसत्या.

नागपूरचा अनुभव जवळचा आहे. २०१४ मध्ये तिथे इथेनॉलवर चालणारी बस आली. आपण ऊसवाले, त्यामुळे इथेनॉल म्हटलं की कान टवकारतात. पण ते पेट्रोलमध्ये मिसळतात तसलं मिश्रण नव्हतं. इंधनात जवळजवळ ९५ टक्के इथेनॉल आणि ते डिझेलसारख्या इंजिनात पेटावं म्हणून वेगळं रसायन. म्हणजे गाडी, इंधन, दुरुस्ती, सगळं खास. चार वर्षांनी, २०१८ मध्ये, कंपनी आणि महापालिका यांच्यात देण्याघेण्यावरून बिनसलं आणि त्या हिरव्या बस बंद पडल्या. सगळं खास असलं की तुटल्यावर शेजारच्या गॅरेजात नेता येत नाही. बसच्या स्टॉपवर थांबलेल्या माणसाला इथेनॉल की डिझेल याच्याशी काय देणंघेणं? त्याची बस आली नाही, एवढंच.

आता आपल्याकडे येऊ. सोमवारी कार्यक्रम संपल्यावर मी नव्या गाडीचं लॉगबुक बघितलं. छापील तेच जुनं. 'डिझेल लिटर' यावर पेनाने काट मारून वर 'चार्जिंग' लिहिलंय. चार्जिंग किती, युनिट की तास, काही नाही. आवारात चार्जिंगचा पॉइंट एक, गाड्या तीन. कचरा उचलायचा भरल्या गाडीने, वरच्या आळीचा चढ चढून. दुपारी एखादी गाडी मध्येच थांबली तर पहिला प्रश्न कोणाला विचारतील? चालकाला.

म्हणून पुढच्या सर्वसाधारण सभेआधी आपापल्या नगरसेवकांना तीन गोष्टी विचारा. एक, तिन्ही गाड्या रात्रीत चार्ज होतील एवढा वीजभार मंजूर आहे का? दोन, बॅटरीची हमी आणि दुरुस्ती किती वर्षं, कोणाकडे, करारात लिहून आहे का? तीन, लॉगबुकात युनिट, फेऱ्या, वजन आणि गाडी उभी असतानाचं काम, असे रकाने कधी येणार?

तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण बारा वर्षांपूर्वी तो एक रकाना असता, तर मी ती बातमी लिहिली नसती आणि एका माणसाच्या घरची चूल बंद पडली नसती.