कामगारांच्या रसायनसंपर्काचे मापन

कामगारांच्या रसायनसंपर्काचे मापन म्हणजे कामाच्या जागी श्वासावाटे, त्वचेवाटे अथवा तोंडावाटे कामगाराच्या शरीरात जाणाऱ्या घातक रसायनांचे प्रमाण मोजून ते विहित मर्यादेशी ताडून पाहणे होय.

कायदा

१९८४ च्या भोपाळ वायू दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये घातक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. दुसऱ्या अनुसूचीत रसायनांच्या कमाल मर्यादा देण्यात आल्या. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे व त्या कामगारांना पाहू देणे बंधनकारक झाले. महाराष्ट्रात याची अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते. या अधिनियमाची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

पद्धत

कामगाराच्या कमरेला लहान पंप व कॉलरजवळ गाळणी किंवा कोळशाची नळी लावून तो प्रत्यक्ष घेत असलेल्या हवेचा नमुना पाळीभर घेतला जातो. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या उपकरणापेक्षा ही पद्धत अधिक विश्वसनीय आहे. काही पदार्थांसाठी रक्त वा लघवी तपासतात. उदाहरणार्थ, शिशासाठी रक्त.

मर्यादा दोन प्रकारच्या असतात. अमोनियासाठी दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांची सरासरी मर्यादा हवेच्या दर दहा लाख भागांत २५ भाग, तर १५ मिनिटांची मर्यादा ३५ भाग आहे. एखाद्याने चार तास ४० व चार तास ८ भाग प्रमाणाच्या हवेत काम केले, तर सरासरी २४ येते. ती मर्यादेत असली तरी अल्पकालीन मर्यादा ओलांडलेली असते. केवळ सरासरी असलेला अहवाल म्हणून अपुरा ठरतो. मर्यादा आठ तासांच्या पाळीसाठी असल्याने बारा तासांच्या पाळीला ती जशीच्या तशी लावता येत नाही.

घोटी परिसर

इगतपुरी तालुक्यातील घोटी हे गाव भात गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. जवळच्या मुंढेगाव येथील पॉलिएस्टर फिल्मच्या कारखान्यात १ जानेवारी २०२३ रोजी लागलेल्या आगीत कामगारांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनेची चौकशी होते. रोजच्या अल्प संपर्काची नोंद मात्र मापन केले तरच राहते. गिरण्यांत भाताची व तुसाची धूळ हा मुख्य धोका असून तुसाच्या राखेत सिलिकाचे प्रमाण फार असते. संहितेनुसार विजेवर चालणाऱ्या उद्योगात किमान २० कामगार असतील तरच तो कारखाना ठरतो. त्यामुळे लहान गिरण्या या व्याख्येबाहेर राहतात. हंगामी मजुराने जागा बदलल्यास त्याची आरोग्य नोंदही मागच्याच ठिकाणी राहण्याची शक्यता असते.