आमच्याकडचं हॉटेल

उपनगरातल्या माणसाला गाव नसतं, स्टेशन असतं. ‘कुठले तुम्ही?’ म्हणून विचारलं तर तो ‘मुलुंड, ईस्ट’ असं दिशेसकट सांगतो आणि पुढच्या दोन मिनिटांत ‘आमच्याकडे एक हॉटेल आहे बघा’ यावर येतो. येतोच. फोर्टात किंवा कुलाब्याला राहणाऱ्याला याची गरज पडत नाही. पाहुण्याला दाखवायला त्याच्याकडे गेटवे आहे, म्यूझियम आहे, समुद्र तर आहेच आहे. आम्ही काय दाखवणार? रेल्वेचा पूल आणि पुलाखालची भाजीवाली! म्हणून मग हॉटेल.

बरं, हॉटेल चांगलं आहे हे आपल्याला पटून भागत नाही. ते दुसऱ्या स्टेशनवाल्याकडून कबूल करून घ्यावं लागतं, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. माझे मेहुणे डोंबिवलीचे. गेल्या तीस वर्षांत आमच्याकडच्या कुठल्याही पदार्थाला त्यांनी ‘चांगला’ म्हटलेलं नाही. ‘वाईट नाही’ ही त्यांच्याकडची सर्वांत वरची पदवी. आमचे व्याही ठाण्याचे. मिसळीचा विषय निघाला की ते ‘मामलेदार’ एवढा एकच शब्द उच्चारतात आणि निकालपत्र वाचून झालेल्या न्यायाधीशासारखे मागे टेकून बसतात. कल्याणचा एक मित्र आहे, तो वझ्यांच्या खिडकी वड्याखेरीज दुसऱ्या वड्याला वडाच मानत नाही. घराच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात झाली म्हणून ते नाव पडलं, हे तो दर वेळी नव्याने सांगतो, आणि आम्हीही दर वेळी ‘हो का!’ म्हणतो. जुन्या मैत्रीत एवढं करावं लागतं.

या वादांत हमखास येणारा शब्द म्हणजे ‘अस्सल’. या शब्दापायी मी थोडा इतिहास चाळला आणि माझीच करमणूक झाली. व्याह्यांची मामलेदार मिसळ घ्या. ठाण्याच्या तहसील कचेरीशेजारी मिळते म्हणून तिला मामलेदाराचं नाव लागलं. (सरकारी कचेरीत काम अडलेल्या माणसाला तिखट खावंसं वाटतं, असा माझा एक सिद्धान्त आहे. तो अजून कुणी खोडलेला नाही.) पण ही मिसळ करणारं घराणं मुर्डेश्वरांचं, आणि मुर्डेश्वर हे गाव आहे कारवारच्या खाली, कर्नाटकात. म्हणजे अस्सल ठाणेकर मिसळीचं आडनाव कानडी! तो मुलूख पूर्वी मुंबई इलाख्यातच होता, एवढंच काय ते व्याह्यांचं समाधान.

त्याहून मजा साबुदाणा वड्याची. दादरच्या ‘प्रकाश’मधला साबुदाणा वडा खाताना मराठी माणसाच्या चेहऱ्यावर जो सात्त्विक भाव येतो, तो देवळातसुद्धा येत नाही. उपासाचा पदार्थ, तेव्हा पवित्र असणारच. आता यात असतं काय? ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथलाच. शेंगदाणा तिथलाच. मिरचीही अमेरिकेचीच. चारही जिन्नस कोलंबसानंतर समुद्र ओलांडून आलेले. ज्या काळात समुद्रपर्यटनाला प्रायश्चित्त होतं, त्या काळात समुद्रपर्यटन करून आलेल्या जिनसांवर आपण एकादशी मात्र करत होतो. हे मी एकदा घरी बोललो. ‘मग तुम्ही खाऊ नका,’ असं उत्तर मिळालं. इतिहास संशोधकांच्या वाट्याला उपेक्षा येते ती अशी.

मुळात पैसे देऊन चारचौघांत बसून खायचं, ही गोष्टच आपल्याकडे फार जुनी नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. त्यांत टिळक होते, रानडे होते. पुढे कोण चहा प्यायलं, कोणी कप नुसताच खाली ठेवला, प्रायश्चित्त कोणी घ्यायचं, यावरून जे ग्रामण्य माजलं ते काही वर्षं पुरलं. एका कपाला एवढा इतिहास! आज आमच्या नाक्यावर तोच चहा ‘कटिंग’ म्हणून अर्धा मिळतो आणि प्रायश्चित्त फक्त पोटाला घ्यावं लागतं.

त्यानंतर सहा वर्षांनी, १८९६ साली, मुंबईत प्लेग आला आणि आपल्या विषयाला खरी सुरुवात झाली. प्लेगाचा आणि इडलीचा संबंध काय, असं कुणी विचारील. आहे. प्लेगामुळे शहरातली दाटी सरकारच्या डोळ्यांवर आली. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने दादर-माटुंग्याच्या शेतवाडीत रस्ते आखून प्लॉट पाडले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातल्या. तेव्हा दादर हेच उपनगर होतं, हो! आज दादरकराला उपनगरातला म्हणून बघा. तो तुमच्याशी बोलणं टाकील. पण त्याच्या आजोबांना गिरगावातले नातेवाईक ‘एवढ्या लांब कशाला गेलात?’ असंच विचारत असणार. उपनगर ही जागा नसतेच मुळी, ती आगगाडीबरोबर पुढे सरकणारी गोष्ट असते. १९२५ साली विजेची गाडी कुर्ल्यापर्यंत आली, १९२८ साली बोरिवलीपर्यंत. १९५७ साली महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडला टेकली. आता लोक बदलापुरास राहून फोर्टात नोकरी करतात आणि येताजाता वड्यावर बोलतात.

या नव्या वस्तीत राहायला आले ते कारकून. त्यांत दक्षिणेकडून आलेले बरेच. टाइपरायटिंग आणि शॉर्टहँड शिकून आलेले, अनेकजण सडे. सड्या माणसाला दोन वेळा जेवायला लागतं. शिवाय तो जातीपातीचं बघणारा, निदान घरी पत्र लिहिताना तरी. मग उडुपीकडची माणसं आली. उडुपीच्या कृष्णमठात मोठ्या पंगतींचा स्वयंपाक पिढ्यान्‌पिढ्या चाललेला. हात तयार, आणि शिवाय ब्राह्मणाच्या हातचं, म्हणजे कुणाचीच हरकत नाही. ए. रामा नायक हे त्यांतलं मोठं नाव. १९३६ साली माटुंग्याला कॅफे मैसूर निघालं, १९४० साली कॅफे मद्रास, आणि १९४२ साली रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग. केळीच्या पानावर हवं तेवढं जेवा. पुढच्याच वर्षी मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं, हे लक्षात घेतलं म्हणजे ‘हवं तेवढं’ या दोन शब्दांचं वजन कळतं.

इराणी मंडळी त्याआधीच कोपऱ्यांवर बसली होती. कोपऱ्याची जागा अशुभ, म्हणून आपले व्यापारी ती घेत नसत आणि इराण्याला ती स्वस्तात मिळे, असं सांगतात. अशुभ जागेवर दोन्ही रस्त्यांची गिऱ्हाइकं येतात हे त्याला कळलं, आपल्याला कळलं नाही. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला ‘कूलर’ १९३२ साली निघालं, तेही कोपऱ्यावरच.

आता एक गोष्ट जरा गंभीर आहे. आमच्या कचेरीत एक ज्येष्ठ सहकारी होते. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून पन्नास-एक्कावन्न साली मुंबईला आले. हॉटेलांचा वाद रंगात आला की ते गप्प असत. एकदा मी छेडलं, तर म्हणाले, ‘‘साहेब, आमच्या गावात चहाच्या दुकानाबाहेर आमच्यासाठी फुटक्या कानाची कपबशी वेगळी टांगलेली असायची. पिऊन झालं की आपणच विसळून परत टांगायची. मुंबईत आलो, स्टेशनाबाहेर इराण्याकडे बसलो. पोऱ्याने ज्या ट्रेमधून शेजारच्याला कप दिला, त्याच ट्रेमधून मला दिला. नाव विचारलं नाही. चव तुम्ही विचारता, ती मला आठवत नाही. कप आठवतो.’’

१९५० साली अमलात आलेल्या आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत कुणालाही जात, धर्म, लिंग अशा कारणांवरून मज्जाव करता येणार नाही, असं नाव घेऊन लिहिलेलं आहे. देशाची घटना लिहिताना उपाहारगृहाची आठवण ठेवावी लागली, ती उगीच नव्हे. ‘आमच्याकडचा रस्सा की तुमच्याकडचा’ असा वाद घालायला आधी दोघांनाही आत बसता यावं लागतं. मेहुण्यांना मी हे सांगितलं. त्यांनीही, कधी नव्हे ते, ‘बरोबर आहे’ म्हटलं. ‘वाईट नाही’ नव्हे, ‘बरोबर आहे’.

बायकांची गोष्ट याच रांगेतली. माझी आजी आयुष्यात एकदाही हॉटेलात जेवली नाही. पुरुष मंडळी तिथून तृप्त होऊन येत आणि घरी भूक नाही म्हणत, एवढंच तिचं हॉटेलविषयीचं ज्ञान. आई गेली ती फॅमिली रूममध्ये. फॅमिली रूम म्हणजे लाकडी फळ्यांचा एक खोका, त्याला कळकट पडदा, आणि आत एक पंखा, जो वारा सोडून बाकी सगळं करी. त्या खोक्यात बसून आईने पहिला मसाला डोसा खाल्ला. बाहेरच्या मोकळ्या टेबलांवर बसायला तिला आणखी दहा वर्षं लागली. आणि आमची मुलगी परवा एकटी जाऊन, पुस्तक वाचत, पाऊण तास एका कॉफीवर बसून आली. मालकाला राग आला असेल. मला नाही आला.

उडुप्यांनी उपनगराला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे वेग. पाटी, फडकं, पाणी, ‘क्या होना?’ आणि बशी. आत काम करणारी पोरं दिवसा टेबलं पुसायची आणि संध्याकाळी रात्रशाळेत जायची. पुढे त्यांतलेच कित्येक स्वतःच्या गल्ल्यावर बसले. तोंडाने दहा टेबलांचं बिल बिनचूक सांगणारा वेटर मी पाहिलेला आहे. आता यंत्रातून बिल येतं आणि आपण न खाल्लेलं पनीर त्यात निघतं.

मधल्या काळात या हॉटेलांवर बरंच काही येऊन गेलं. १९६५ साली शास्त्रीजींनी सोमवारची रात्र उपाशी काढायला सांगितलं, तेव्हा हॉटेलांनीही सोमवारी संध्याकाळी चुली बंद ठेवल्या. १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी वडा पावात घातला असं म्हणतात, आणि बसून खायची गरजच उरली नाही. पुढे काही उडुप्यांनी मागच्या अंगाला काळ्या काचा लावून ‘परमिट रूम’ काढली. पुढे सांबार, मागे सोमरस. मग मांचुरियन आलं. ते १९७५ साली मुंबईतच नेल्सन वँग यांनी क्रिकेट क्लबात शोधलं. त्याच्या नावाखेरीज चीनचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. तरी डोशाच्या पोटात शेजवान शिरलंच. हे मला आवडत नाही. नातवाला आवडतं. बिल मी देतो, मत त्याचं चालतं.

२०१५ साली एक मोठाच प्रसंग ओढवला. दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला लंडनमधल्या एका स्पर्धेत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून निवडलं. मराठी माणसाला आनंद व्हायला हवा होता. झालाही, साधारण संध्याकाळपर्यंत. नंतर ‘आमच्याकडची त्यांनी खाल्लीच नाही!’ असा जो गिल्ला झाला, तो चर्चगेटपासून डहाणूपर्यंत आणि व्हीटीपासून कर्जत-कसाऱ्यापर्यंत. व्याही तर दोन दिवस फोनवर आले नाहीत. लंडनच्या लोकांना तर्री झेपते का, हा त्यांचा मूलभूत प्रश्न होता, आणि तो अगदीच गैरलागू नाही.

हल्ली आमच्याकडचं हॉटेल बंद आहे. इमारत जुनी झाली, पुनर्विकासाला गेली. जुन्या चव्हेचाळीस टेबलांच्या जागी मालकाला नव्या टॉवरच्या पायथ्याशी एक गाळा मिळणार आहे, त्यात चौदा टेबलं मावतील म्हणतात. मालक पासष्टीचे. मुलगा बंगलोरला कॉम्प्युटरमध्ये. ‘‘परत उघडणार का?’’ म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘‘भट्टीवरचा आमचा माणूस गावी गेलाय. तो परत आला तर उघडू. सांबार त्याचं होतं, माझी फक्त पाटी.’’ चाळीस वर्षं मी त्यांना त्या सांबाराबद्दल शाबासकी देत होतो आणि ते ती मान हलवून घेत होते. आतल्या माणसाचं नाव मला त्या दिवशी प्रथम कळलं.

तोवर काय करायचं, हा प्रश्न इमारतीत ऐरणीवर आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांनी भांडुपच्या बाजूला एक जागा शोधून काढली आहे. चार बाकडी, एक बाई आणि तिची सून. थालीपीठ आणि लोणी, दहाच्या आत संपतं. गेल्या रविवारी ते एकटेच जाऊन आले आणि कुणाला पत्ता सांगत नव्हते. फार आग्रह केल्यावर मला सांगितला, तोही जिन्यात. येत्या रविवारी सातला निघायचं ठरलं आहे. मेहुणे त्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला आहेत. त्यांना काय सांगून बाहेर पडायचं, ते अजून ठरायचंय.