वर्धेचा कापूस आणि कास्तकाराचा हिशेब

आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांचे मूळ शोधू गेल्यास ते दोन-तीन पिढ्यांच्या आतच वर्धा, हिंगणघाट, देवळी, आर्वी अथवा पुलगावच्या परिसरातील एखाद्या काळ्या शेतात जाऊन पोचते. आज मुले पुण्या-मुंबईस, काही परदेशीही, नोकरीस आहेत. तथापि ज्या पैशावर आपले आजे-पणजे शिकले अथवा ज्या कर्जापायी ते गाव सोडून निघाले, तो पैसा व ते कर्ज दोन्ही कापसाचेच होते. म्हणून ह्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी संपादकांनी जिल्ह्याच्या इतिहासावर लिहावयास सांगितले, तेव्हा राजेरजवाड्यांचा विषय बाजूस ठेवून पऱ्हाटीचा विषय घेतला. वाचकांनी गोड मानून घ्यावा.

वर्धा हा जिल्हा म्हणून तसा अर्वाचीन. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून तो वेगळा काढण्यात आला. आरंभी कचेरी पुलगावनजीक कवठा येथे होती. पुढे १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा शहर आखले गेले. हा काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेथील कापूस विलायतेस पोचेना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. हिंगणघाटचा कापूस त्या वेळी देशी वाणांत उत्तम गणला जाई. त्यास ‘बनी’ म्हणत. धागा लांब, मऊ व रेशमासारखा. मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी सरकारने कापूस आयुक्त नेमला. हॅरी रिव्हेट-कार्नाक हे ते गृहस्थ. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोचली आणि बैलांच्या पाठीवरून व बंड्यांतून महिनोन्‌महिने चालणारा माल काही दिवसांत मुंबईच्या बंदरात जाऊ लागला.

युद्धाच्या वर्षांत भाव चढले. युद्ध संपताच ते कोसळले. परंतु ह्या तेजी-मंदीपेक्षाही खोल परिणाम करणारी गोष्ट त्याच दशकात घडली, ती जमिनीच्या बंदोबस्ताची. भोसल्यांच्या अमदानीत गावचा पाटील हा वसुलीचा जबाबदार माणूस असे. गाव त्याच्या मालकीचे नसे. इंग्रजांनी तीस वर्षांचा बंदोबस्त करताना त्यास मालगुजार ठरवून गावाची मालकी बहाल केली. हेतू असा, की मालक झाला म्हणजे तो जमीन सुधारील. पण जी वस्तू मालकीची होते ती गहाणही पडते आणि विकलीही जाते. पूर्वी सावकार पिकावर कर्ज देई. आता तो गावाच्या हिश्श्यावर देऊ लागला. शेतसारा रोकडीत व ठरल्या तारखेस भरावयाचा, आणि कापूस मात्र वेचणी होऊन विकल्यावाचून पैसा देत नाही. हे मधले अंतर सावकाराने भरून काढले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांत पुष्कळ कागदांच्या मुदती भरल्या. गावचा पाटील पाटीलच म्हणविला जाई, पण गाव दुसऱ्याचे झालेले असे. ह्या कथेत आपल्या समाजातील मंडळी दोन्ही बाजूंस होती, हे मोकळेपणाने लिहिलेले बरे. काहींची गावे गेली, तर काहींनी शेजाऱ्याची घेतली.

बनीचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. ज्या वाणाने हिंगणघाटचे नाव विलायतेस नेले तो पुढील तीस-चाळीस वर्षांत शेतांतून जवळजवळ नाहीसा झाला. त्याची जागा ‘रोझियम’ ह्या आखूड व भरड धाग्याच्या जातीने घेतली. अधिकाऱ्यांनी ह्याबद्दल कास्तकारास अडाणी म्हटले. वस्तुतः त्याचा हिशेब पक्का होता. भरड वाणाचे एकरी पीक अधिक, आणि रेच्यातून काढल्यावर रुईचे प्रमाणही अधिक. बनीच्या लांब धाग्यास बाजारात जो जादा भाव मिळे तो ही तूट भरून काढण्यास पुरत नसे. शिवाय जिनात सगळा माल एकत्र होई, मग चांगल्याचा निराळा पैसा कोण देणार? सरकारने चांगल्या बियाण्याचा उपदेश केला, १९२३ मध्ये भेसळ रोखण्यासाठी कापसाच्या वाहतुकीचा कायदा केला, परंतु चांगल्या कापसाचा चांगला दाम शेतात पोचविण्याची तजवीज केली नाही. उपदेश शेतकऱ्यास आणि नफा दुसऱ्यास, ही वाटणी तेव्हापासूनची आहे.

१९३० च्या सुमारास जगभर मंदी आली व कापसाचा भाव पुन्हा घसरला. कर्जाचा आकडा मात्र तेजीच्या भावाने लिहिलेला. तेव्हा मध्यप्रांताने १९३३ मध्ये कर्ज-तडजोडीचा कायदा केला. हिंदुस्थानात अशा प्रकारचा तो पहिलाच. मंडळापुढे सावकार व कूळ दोघांना बसवून रक्कम कमी करावयाची आणि हप्ते बांधून द्यावयाचे, अशी ती योजना. पुढे १९३९ मध्ये आणखी कडक कायदा आला. कर्जे कमी झाली, ह्यात शंका नाही. पण हप्ता भरण्यापुरते पीक व भाव नसेल तर तडजोडीचा कागद कागदच राहतो; आणि ज्या सावकाराचे हात बांधले त्याने नवे कर्ज देणेही आखडते घेतले. त्याची जागा घेण्याइतक्या सहकारी सोसायट्या खेड्यांत उभ्या नव्हत्या.

ह्याच दशकात वर्धेचे नाव सर्व देशाच्या तोंडी झाले. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून महात्माजी येथे आले. डिसेंबर १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत कुमारप्पांनी त्याचे काम चालविले, आणि १९३६ मध्ये महात्माजी शेगावी राहावयास गेले, ज्याचे पुढे सेवाग्राम झाले. कापूस गावातच पिंजावा, कातावा व विणावा, म्हणजे त्याचा दाम गावातच राहील, हा त्यांचा विचार भावाच्या प्रश्नाला थेट भिडणारा होता. परंतु सेवाग्रामपासून थोड्याच कोसांवरील खेड्यांतून बंड्या जिनाकडेच जात राहिल्या. त्यात कोणाचा दोष काढावा असे मला वाटत नाही. सावकाराचा हप्ता सुताच्या गुंडीने फिटत नसे.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी १९५१ मध्ये संपली, १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यानंतरची मोठी घटना म्हणजे कापूस एकाधिकार खरेदी योजना. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२ च्या हंगामापासून राज्यातील सर्व कापूस सरकारच विकत घेऊ लागले. व्यापारी व अडत्या दूर झाले, आणि काही वर्षे शेतकऱ्यास निश्चित भाव मिळाला, हे तिचे श्रेय. केंद्राबाहेर बंड्यांची रांग, रात्री ओट्यावर घोंगडी टाकून निजलेली माणसे, ग्रेडरच्या एका शब्दावर बदलणारी प्रत, आणि मग चुकाऱ्याची वाट. आमच्या पिढीने हे सारे पाहिले आहे. मुलीचे लग्न चुकाऱ्यावर ठरे व चुकाऱ्यासाठी पुढे ढकलले जाई. पण योजनेचे मूळ दुखणे निराळे होते. राज्याने आपल्या हद्दीत भाव बांधला, हद्दीपलीकडे बाजार मोकळाच. बाहेर तेजी आली की विदर्भाचा कापूस रात्रीतून सीमेपलीकडे जाई. मंदी आली की बाहेरचा आत येई. अखेरच्या वर्षांत तोटा न पेलवण्याइतका वाढला आणि २००२ मध्ये खाजगी खरेदीस वाट मोकळी झाली.

त्याच वर्षी बीटी कापसास परवानगी मिळाली. बोंडअळीपासून काही काळ सुटका झाली खरी, पण घरची सरकी पेरण्याचा प्रघात गेला. बियाण्याची पिशवी दर मृगास दुकानातून आणणे आले. पीक पावसावर आणि खर्च रोकडीवर, अशा स्थितीत जे घडले ते लिहिताना लेखणी जड होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे वर्धेसह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांची नावे वृत्तपत्रांतून रोज येऊ लागली. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ह्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यातील मोठा भाग पाटबंधाऱ्यांसाठी होता. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण सूट दोन हेक्टरांपर्यंतच्या धारकास मिळाली. दोन हेक्टर म्हणजे पाच एकर. उसाच्या बागायतीत पाच एकर ही बरी स्थिती. आर्वीच्या मुरमाड रानात आठ एकर कोरडवाहूवरही घर चालत नाही. तरीही कागदावर हा आठ एकरवाला मोठा ठरला. सावकाराचे देणे तर दोघांच्याही हिशेबात धरलेच नव्हते.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठविले. गिरण्यांना माल स्वस्त मिळावा हा हेतू. त्या वेळी वर्धेत पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती, वेचणीस अवकाश होता. त्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे ८,११० रुपये जाहीर झालेला होता. हमीभावाने घेणारे केंद्र जवळ असेल व तेथे नंबर लागेल, त्यास तो मिळावयाचा. बाकीच्यांचा भाव, लँकेशायरच्या काळाप्रमाणेच, दूर कोठेतरी ठरावयाचा.

ह्या लेखासाठी जुने कागद पाहताना एक गोष्ट जाणवली. सरकारी अहवाल जपलेले आहेत, घरचे कागद नाहीत. ज्ञातिबांधवांच्या माळ्यावर, जुन्या पेटीत, कोणाकडे गहाणखते, फारकतीचे कागद, तडजोड मंडळाचे निवाडे, जिनाच्या पावत्या अथवा चुकाऱ्याच्या चिठ्ठ्या असतील, तर त्या रद्दीत घालण्यापूर्वी एक नक्कल मंडळाच्या कार्यालयात पोचवावी. पुढील वर्षी ह्याच विषयावर लिहावयाचे झाल्यास तो लेख आपल्या घरच्या आकड्यांवरून लिहिता येईल.