टोपलीतले बाळ आणि त्याची आई

कुंतीने कर्णाला पेटीत घालून नदीत सोडले, ही कथा आपण सर्वजणी लहानपणापासून ऐकत आलो. अशाच दोन कथा पश्चिमेकडच्या देशांतही आहेत.

आजच्या इराकात अक्कद नावाचे राज्य होते. तेथील राजा सारगॉन इ. स. पूर्वी २३०० च्या सुमारास होऊन गेला. त्याने सुमेरची नगरे जिंकली. त्याच्या जन्मकथेत आई देवळातली पुजारीण आहे. तिने गुपचूप बाळाला जन्म दिला, लव्हाळ्याच्या टोपलीत ठेवून डांबराने झाकण बंद केले व टोपली नदीत सोडली. अक्की नावाच्या पाणक्याने बाळाला वाढविले व माळीकाम शिकविले.

बायबलातील मोशेची आईही अशीच. मुलगे नदीत टाका, हा फारोचा हुकूम. तिने तीन महिने बाळ लपविले, मग टोपलीला डांबर लावून नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेविले. राजकन्येने ते उचलले आणि दूध पाजावयास नकळत त्याच्याच आईला बोलाविले!

आधीची कथा कोणती, हा पंडितांचा प्रश्न. मला दिसते ती टोपलीत पाणी शिरू नये म्हणून झटणारी माता.

सारगॉनच्या कथेत आईचे नाव नाही. मुलगी एन्हेदुआन्ना हिचे मात्र आहे. ती उर नगरात चंद्रदेवाची मुख्य पुजारीण होती. देवीची स्तोत्रे तिच्या नावावर आहेत. तिचे चित्र व नाव कोरलेली दगडी तबकडी १९२७ साली उर येथे सापडली.

तेव्हा भगिनींनो, आपणही चार ओळी लिहाव्या, आणि खाली आपले नाव घालावे.