केसांचा टोप, रंगभूमीवरील

केसांचा टोप : नटाच्या डोक्यावर बसवायचा, जाळीच्या बुडावर केस गुंफून केलेला केशसंभार. रंगपटात त्याला बहुधा ‘विग’च म्हणतात. वेणी-अंबाड्याला जोड द्यायचे गंगावन वेगळे. त्याला बूड नसते, म्हणून ते टोपात धरत नाहीत. दाढीमिशा मात्र टोप करणाऱ्याच्याच कामात येतात, कारण जाळीवर केस गाठवण्याची रीत दोन्हींकडे एकच असते.

चांगला टोप एकाच डोक्याचा असतो. माप घेताना नटाचे केस चापून बसवतात, त्यावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळतात आणि पारदर्शक चिकटपट्टीचे थर देतात. या कवचावर पेनाने कपाळाची केशरेषा आणि कानांच्या कडा आखून घेतल्या की साचा तयार. तो डोक्याच्या आकाराच्या ठोकळ्यावर चढवून त्यावर बूड शिवतात : मागे दणकट जाळी, कपाळाकडे तलम लेस. मग गुंफण सुरू होते. केसांची बारीक बट दुमडून डाव्या हातात धरायची, उजव्या हातातल्या आकडीने जाळीच्या घरातून एकदोन केस ओढून घ्यायचे आणि त्यांची त्याच घराच्या धाग्याला गाठ मारायची. आकडी गळासारखी असते, पण सुईइतकी बारीक. मानेकडे एका गाठीत चारपाच केस चालतात, माथ्यावर दोनतीन, कपाळाच्या कडेला एकच. पूर्ण टोप हाताने गुंफायला साधारण ४० ते ६० तास लागतात. घाईच्या किंवा स्वस्त कामात केस दोऱ्यांत विणून त्यांच्या पट्ट्या बुडावर शिवतात. पुढची दोन बोटे जागा तेवढी हाताने गुंफतात.

टोपाची परीक्षा होते ती या दोन बोटे जागेतच. खऱ्या माणसाची केशरेषा सरळ नसते. ती कुठे आत शिरते, कुठे बाहेर येते, तिच्यावर विरळ, आखूड, दिशा चुकलेले केस असतात. नवशिका ती दाट आणि सरळ गुंफतो आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाने टोपी घातल्यासारखे दिसते. शेवटच्या रांगेपर्यंत एवढे पोचत नाही, म्हणून पूर्वी जाड कापडी कडेवर रंग थापून वेळ भागत असे. कॅमेरा जवळ आला आणि ती सोय संपली. लेसची कड स्पिरिट गमने कपाळाला चिकटवतात आणि प्रयोगानंतर स्पिरिट लावून सोडवतात. ती ओढून काढली की लेस फाटते, आणि मग दुरुस्ती जवळपास नव्याने गुंफण्याइतकी होते.

केसांची निवड हा स्वतंत्र अभ्यास आहे. माणसाच्या केसावर सूक्ष्म खवले असतात आणि त्यांचा रोख मुळाकडून टोकाकडे असतो. त्यामुळे मूळ आणि टोक उलटसुलट झालेले केस एकमेकांत अडकून गुंता करतात. एकाच डोक्यावरून एका रोखाने कापलेले केस सर्वांत मोलाचे. तिरुमलेच्या देवळात भाविक जे मुंडण करवतात त्या केसांचा देवस्थान लिलाव करते, आणि त्यातला लांब माल जगभरच्या टोपांत जातो. गावोगाव केसांवर भांडी देणारे फेरीवाले जे गुंतवळ गोळा करतात, त्यात मूळ-टोक मिसळलेले असते. ते सोडवून, विंचरून, वेळप्रसंगी खवले रसायनाने काढून टाकून वापरावे लागते. शुभ्र मानवी केस दुर्मीळ, म्हणून म्हाताऱ्यांच्या टोपांना आणि दाढ्यांना याकचे केस उपयोगी पडतात. कृत्रिम धागा स्वस्त असतो आणि एकदा बसवलेले वळण सोडत नाही, पण दिव्याखाली चकाकतो आणि गरम इस्त्रीने वितळतो.

जपानच्या काबुकी या नाट्यप्रकारात हे काम दोन व्यवसायांत वाटलेले आहे. एक कारागीर नटाच्या डोक्याला घडवून तांब्याच्या पत्र्याचे बूड करतो आणि त्यावर केस बसवतो. दुसरा त्या केसांची रचना करतो आणि ती प्रयोगागणिक सांभाळतो. लंडनमध्ये विली क्लार्कसन (१८६१–१९३४) याने वॉर्डर स्ट्रीटवर टोपांचे मोठे दुकान थाटले. त्याच्या इमारतीची कोनशिला १९०४ मध्ये प्रख्यात नटी सारा बर्नार्टने बसवली, यावरून नटमंडळींत त्याचे वजन कळावे. प्रसाधनांमुळे नाव झालेला मॅक्स फॅक्टर मुळात टोप करणारा होता. न्यूयॉर्कमध्ये स्थिरावलेला इंग्रज पॉल हंटली (१९३३–२०२१) हा या धंद्यातला अलीकडचा सर्वांत नावाजलेला कारागीर. ‘कॅट्स’ या संगीतिकेच्या ब्रॉडवे प्रयोगातली मांजरांची आयाळ त्याची, ‘हेअरस्प्रे’मधले फुगवलेले केसही त्याचेच. ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारांत केशरचनेचा विभागच नसल्याने २००३ मध्ये त्याला खास टोनी द्यावा लागला.

मराठी रंगभूमीवर टोपाचा इतिहास बराच काळ स्त्रीपार्टीच्या इतिहासाला चिकटून आहे. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले तेव्हापासून पुरुषच स्त्रिया होत आले. नऊवारी आणि दागिने कितीही उंची असले तरी अंबाडा खोटा दिसला की नायिका मोडते. बालगंधर्वांनी १९११ मध्ये ‘मानापमान’मधली भामिनी केली, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, आणि नटाची केशरचना ही प्रेक्षक घरी जाऊन बोलतील अशी बाब झाली. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांनीच स्त्रीभूमिका केल्या. हा पायंडा रुळत गेला तसा टोप नायिकेच्या डोक्यावरून उतरला आणि पेशव्यांच्या, शास्त्र्यांच्या नि म्हाताऱ्यांच्या डोक्यावर गेला.

ऐतिहासिक नाटकात हा मामला नाजूक होतो. पेशवाईतल्या ब्राह्मणाला तासलेले डोके, घेरा आणि शेंडी हवी. म्हणजे केस लपवून टक्कल दाखवायचे आणि त्या खोट्या टकलावर पुन्हा केस लावायचे. खांद्यावर रुळणाऱ्या केसांचा मराठा सरदार त्यामानाने सोपा, पण पागोट्याखाली टोप सरकतो आणि तलवारबाजीत कड सुटते. ‘तो मी नव्हेच’ (१९६२) मध्ये प्रभाकर पणशीकर एकाच प्रयोगात पाच रूपे घेत. असल्या नाटकात मिनिटभरात चढेल, उतरेल आणि वाकडे बसणार नाही असेच सामान चालते. तिथे बारीक गुंफणीपेक्षा घट्ट बूड महत्त्वाचे.

सिंधुदुर्गातल्या दशावतारात आजही स्त्रीभूमिका पुरुष करतात. नट आपली पेटी स्वतः वाहतो, रंगभूषा स्वतः करतो आणि केसही स्वतःच बांधतो. तिथे टोप करणारा असा निराळा माणूस नाही.

मराठी व्यावसायिक नाटकातही तो क्वचितच निराळा असतो. रंगभूषाकारच टोप बसवतो. टोप विकत, भाड्याने किंवा ड्रेसवाल्याकडून येतो आणि दौऱ्यात बसच्या मागच्या खोक्यात पडतो. परक्याच्या मापाचा टोप मागून चिमटा घेऊन घट्ट करायचा हे या भाड्याच्या व्यवहारातले नित्याचे कौशल्य. लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या संगीतिकांत मात्र टोपांचे वेगळे खाते असते. तिथली माणसे दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात टोप ठोकळ्यावर टाचून बटा पुन्हा रोलरवर गुंडाळतात. बिनतारी मायक्रोफोन टोपाच्या कपाळाकडील कडेखाली लपवायचा असल्याने ध्वनिवाल्यांशीही त्यांचा रोजचा संबंध येतो. हे काम शिकण्याचा खात्रीचा मार्ग उमेदवारीचाच : आधी केस विंचरणे नि मूळ-टोक जुळवणे, मग मानेकडची गाठ, आणि हात बसल्यावर कपाळाची. नजर आणि मान दोन्ही लवकर थकतात. राज्य नाट्य स्पर्धेत रंगभूषेला पारितोषिक आहे. टोपाचे काम त्यातच धरले जाते.