एक घराणं, चार पिढ्या आणि आपली वसई



वसईचा विषय निघाला की चिमाजी अप्पांचं नाव येतंच. पण त्याच घराण्याची वंशावळ पुढे वाचली तर वसई परत एकदा येते. ती गोष्ट आपण फारशी सांगत नाही.

बाळाजी विश्वनाथ भट मूळचे श्रीवर्धनचे. सिद्दीच्या जाचामुळे घाटावर गेले, १७१३ ला पेशवे झाले. त्यांचे दोन मुलगे, थोरले बाजीराव आणि चिमाजी अप्पा. अप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली.

बाजीरावांचा मुलगा राघोबादादा, त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव. म्हणजे अप्पा त्याचे चुलत आजोबा. होळकरांनी पुण्यात हरवल्यावर तो वसईलाच आला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला तह करून इंग्रजांची फौज पदरात घेतली. १८१८ ला पेशवाई संपली. घराणं तेच, ठिकाण तेच, मधे फक्त ६३ वर्षं.

आपल्या घरचंही असंच आहे. फुलपाड्यात आपण दाखल्यासाठी जुना फेरफार शोधतो, पणजोबांचं नाव सापडलं की फाईल बंद. जमीन कुणी कमावली ते सांगतो. कुणी विकली, कशापायी विकली, ते गाळतो. पणजीचं तर नावच नसतं.

घरात म्हातारं माणूस असेल तर आजच त्यांच्यापाशी बसा. दोन्ही बाजू विचारा आणि वहीत लिहून ठेवा. फेरफार उद्याही मिळेल, ती आठवण नाही मिळणार.