तलवार कुणाची, पगार कुणाचा?



जून २०२३ मध्ये रशियातल्या वॅग्नर या खासगी फौजेनं थेट मॉस्कोच्या दिशेनं कूच केलं. ज्यांच्यासाठी लढायचं, त्यांच्याच अंगावर! बऱ्याच जणांना वाटलं, ही काहीतरी नवीनच भानगड आहे. नवीन काही नाही हो. अशा फौजांवर एक अख्खं राज्य कसं तगलं आणि कसं गेलं, हे बघायला आपलं जुन्नर पुरेसं आहे.

निजामशाहीची सुरुवातच जुन्नरची, १४९० ची. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, सुलतानाला कैद केलं. राजधानी गेली, राजा गेला. मग राज्य उरलं कुठं? मलिक अंबरच्या घोडदळात. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस तोवर स्वतःची फौज बाळगून होता. त्यानं राजघराण्यातला एक राजपुत्र गादीवर बसवला, काही काळ जुन्नरला राजधानी केली आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मुघलांना दमवलं.

या फौजा चालायच्या कशा? शिलेदार म्हणजे घोडा आणि हत्यार स्वतःचं. असे शिलेदार घेऊन सरदार दरबारात यायचा, बदल्यात जहागीर मिळायची. शिपायाचं पोट सरदारावर, म्हणून त्याची निष्ठाही सरदारावर. सरदार गेला की फौज गेली. त्यामुळे सुलतान सरदारांना घाबरायचा आणि सरदार सुलतानाला. १६२९ मध्ये दौलताबादेत निजामशहानं लखुजीराव जाधवांना दरबारात बोलावून मारलं. जिजाऊंचे वडील ते. पुढच्याच वर्षी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. आजोबांच्या खुनाची बातमी ताजी असताना!

१६३३ मध्ये दौलताबाद पडलं. निजामशाही संपली असं मुघलांना वाटलं. पण शहाजीराजांनी जीवधनवर कैदेत असलेला निजामशाही वंशातला मुर्तझा नावाचा छोटा मुलगा सोडवला आणि संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्याला गादीवर बसवलं. नाव निजामशहाचं, पण फौज, डोकं आणि हिंमत शहाजीराजांची. जवळजवळ तीन वर्षं हे राज्य फक्त त्यांच्या जोरावर उभं होतं. शेवटी शहाजहान स्वतः दख्खनेत उतरला, आदिलशहा त्याला मिळाला. १६३६ मध्ये माहुलीच्या वेढ्यात राजांना तह करावा लागला. मुर्तझा मुघलांच्या हवाली झाला आणि जुन्नरसह जीवधन, चावंड, हडसर हे किल्लेही गेले.

हे सगळं बघत वाढलेल्या शिवरायांनी सिस्टीमच बदलली. शिलेदार राहिले, पण भर बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर. जहागिरीऐवजी शक्यतो रोख पगार. किल्ल्यावर हवालदार, सबनीस, सरनोबत असे तीन अधिकारी. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर अ‍ॅडमिन पासवर्ड कुणा एकाच्या हातात नाही. एकट्यानं फितुरी केली तरी गड जाऊ नये, ही त्यामागची सोय.

पुढे ही घडी विस्कटली. राजाराम महाराजांच्या कठीण काळात वतनं-सरंजाम परत आले. ३० ऑगस्ट १७७३ ला तर शनिवारवाड्याच्या पगारी गारद्यांनीच नारायणराव पेशव्यांना कापलं. आणि ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावानं वसईच्या तहात राज्याच्या रक्षणाचं काम बाहेर देऊन टाकलं. किमान सहा हजार पायदळ समोरच्यानं पुरवायचं, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख आपण द्यायचा. समोरचा कोण? भागधारकांच्या मालकीची ईस्ट इंडिया कंपनी. साडेपंधरा वर्षांत त्याच कंपनीनं राज्य गिळलं. १८१८ मध्ये जुन्नरचे किल्ले घेतल्यावर पुन्हा कुणी वर जाऊन लढू नये म्हणून कड्यातल्या पायऱ्या सुरुंगानं उडवल्या.

मलिक अंबर आणि शहाजीराजे स्वतःच्या फौजा घेऊन दुसऱ्याचं राज्य वाचवायला झटले, हे खरंच. पण राज्य माणसाच्या भल्या-बुऱ्या नियतीवर टांगून ठेवायचं नसतं. माणूस बदलतो, मरतो. शिपायाचा पगार कोण देतो, घोडा कुणाच्या पागेतला, हे आधी ठरवावं लागतं. ते ज्यांना कळलं त्यांनी राज्य उभं केलं, ज्यांना कळलं नाही त्यांनी कंपनीला मुलूख लिहून दिला.

पावसाळा संपला की जुन्नर-आंबेगावकडे गर्दी होईलच. चावंड चढताना त्या तुटक्या पायऱ्यांपाशी रेलिंगला धरून जरा थांबा. रक्षणासाठी बोलावलेल्या फौजेची सही आहे ती.